‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे सेंद्रिय नव्हे: पाकिटावरचं हिरवं पान कसं वाचायचं

संक्रांत उलटली की नाशिकच्या दुकानांत द्राक्षांची पनेटं, म्हणजे पारदर्शक छोटे डबे, मांडली जातात. बऱ्याच पनेटांवर ‘रेसिड्यू फ्री’, म्हणजे औषधाचा अंश नसलेलं, असा शिक्का असतो, शेजारी हिरवं पान, आणि जागा उरली असेल तर ‘वसुंधरेसाठी’ छापाची एखादी ओळ. कॉलेज रोडवरचं गिऱ्हाईक हे वाचतं आणि मनाशी ठरवून टाकतं की या द्राक्षांवर औषध मारलेलं नाही. हेच निफाड किंवा दिंडोरीच्या बागायतदाराला ऐकवा, तो हसेल. नाशिकच्या हवेत बिनफवारणीची थॉमसन जातीची द्राक्षं काढणं म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

गंमत अशी की शिक्का बहुतेक वेळा खरा असतो. तपासणी झालेली असते, अहवाल हातात असतो. तरीही गिऱ्हाइकाचा समज साफ चुकीचा असतो.

पर्यावरणाच्या नावानं होणारी फसवी जाहिरात म्हटलं की आपल्याला धडधडीत खोटं बोलणारी कंपनी आठवते. तसं खोटं पकडणं तुलनेनं सोपं असतं. अवघड असतो तो दावा, जो खरा असतो पण वस्तूच्या आयुष्यातल्या एका तुकड्यापुरताच. उरलेला अर्थ हिरवं पान आणि आपलं भाबडं मन मिळून भरून काढतात. म्हणून पाकीट हातात घेतल्यावर ‘हे खरं आहे का’ याच्याही आधी ‘हे नेमकं कशाबद्दल बोलतंय’ हे विचारायला हवं. बोलणं तुमच्या पोटाबद्दल आहे, शेतातल्या मातीबद्दल, वेष्टनाबद्दल, की कंपनीनं दुसरीकडे कुठेतरी केलेल्या एखाद्या कामाबद्दल?

द्राक्षापासूनच सुरुवात करू, कारण हे पीक आपल्या दारातलं आहे.

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास होते आणि माल साधारण चार महिन्यांत काढणीला येतो. या काळात अवकाळी झाला, सलग ढगाळ राहिलं, सकाळी दव धरलं की डाउनी हा वेलीचा रोग येतो. हवा बदलली की भुरी हा दुसरा. फवारण्या होतातच. रेसिड्यू फ्री माल काढणारा शेतकरी औषध टाळत नाही, तो वेळ सांभाळतो. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी असतो, ज्याला शिवारात सगळे ‘पीएचआय’ म्हणतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात इतके दिवस गेलेच पाहिजेत, असा तो हिशेब. जास्त दिवस टिकणारी औषधं सुरुवातीला वापरायची, मण्यात पाणी भरू लागलं की हात आखडायचा, शेवटी जैविक औषधांवर यायचं. मग काढणीच्या वेळी फळात उरलेला अंश ठरलेल्या मर्यादेखाली राहतो, किंवा यंत्राला सापडतच नाही.

ही मर्यादा किती बारीक असते? युरोपात ज्या कीडनाशकासाठी वेगळा आकडा ठरवलेला नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो ही मर्यादा लागते. म्हणजे दहा टनांच्या ट्रकभर द्राक्षांत मिळून एक दशांश ग्रॅम. २०१० साली सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडल्यामुळे आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडकली होती. तो हंगाम बागायतदार अजून विसरलेले नाहीत. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था आहे. तिच्यात बागेची नोंदणी होते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. या सगळ्यातून तयार झालेलं शेतकऱ्याचं कसब खरं आहे आणि त्याचे चार पैसे जास्त मागितले तर त्यात गैर काही नाही.

पण शिक्का सांगतो तो एवढाच: फळ खाणाऱ्याच्या पोटात औषध जवळजवळ जाणार नाही. हंगामात किती फवारण्या झाल्या, ब्लोअरनं उडालेलं औषध कुठे पडलं, टाकी धुतलेलं पाणी कादवेच्या कुठल्या नाल्यात गेलं, फवारणाऱ्या मजुरानं तोंडाला काही बांधलं होतं का, बोअरमधून किती पाणी उपसलं, यातलं काहीही त्यात येत नाही. यायला हवं असंही नाही. ती चाचणी फळाची आहे, बागेची नव्हे. आक्षेप आहे तो शेजारच्या हिरव्या पानाला आणि ‘वसुंधरेसाठी’ला. आरोग्याचा दावा तिथे गुपचूप पर्यावरणाचा दावा होऊन बसतो.

आणखी एक मेख. ‘रेसिड्यू फ्री’चा अर्थ कोणी ‘मर्यादेच्या आत’ असा घेतो, कोणी ‘सापडलंच नाही’ असा. दोन्हींत बरंच अंतर आहे. विकणारा पक्का असेल तर किती औषधांची तपासणी केली, कोणत्या प्रयोगशाळेत केली आणि अहवाल कोणत्या लॉटचा आहे, हे तो सांगू शकतो. पनेटवर क्यूआर कोड असेल तर स्कॅन करून बघा. त्यातून लॉटचा अहवाल उघडला तर छान. फेटे बांधलेल्या शेतकऱ्यांचा हसरा व्हिडिओ उघडला, तर काय समजायचं ते समजा.

मग सेंद्रिय म्हणजे काय?

‘सेंद्रिय’ या दाव्याला मात्र कायद्याची चौकट आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे आहेत. त्यानुसार प्रमाणपत्राचे दोन रस्ते आहेत. एक अपेडाचा एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते. निर्यातवाले हा रस्ता धरतात. दुसरा पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांच्या शेताची पाहणी करतो. दुकानातल्या पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह आणि यांपैकी एका व्यवस्थेची खूण शोधायची. पीजीएसमध्ये एक बारकावा आहे, जो अगदी जागरूक गिऱ्हाइकांनाही माहीत नसतो. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असं लिहिलेलं असेल तर ते शेत अजून रूपांतराच्या काळात आहे. पूर्ण सेंद्रिय झाल्यावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ मिळतं. म्हणजे इथे ‘ग्रीन’ ही आधीची पायरी आहे, आणि विकताना ती बरोबर उलटी वाचली जाते.

हा रूपांतराचा काळ एनपीओपीत हंगामी पिकांना दोन वर्षं आणि द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकांना तीन वर्षं असतो. तीन वर्षं खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या मालाचा. नाशिकमध्ये प्रमाणित सेंद्रिय द्राक्ष सहजी का दिसत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं डाउनीत.

आणि सेंद्रिय म्हणजे बिनफवारणी, हाही गैरसमज. सेंद्रिय शेतीत गंधक चालतं, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रणही मर्यादेत चालतं. मोरचुदातलं तांबं मातीत साचत जातं. म्हणूनच युरोपनं तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. सेंद्रिय शेतीचे मातीला आणि पाण्याला फायदे आहेत, पण ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ हे समीकरण तिथेही टिकत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पेठ-सुरगाण्याहून नागली, उडीद, भगर घेऊन येणाऱ्या बाईकडे कुठलंही प्रमाणपत्र नसतं, आणि कदाचित तिच्या शेतात युरियाचं पोतं कधी गेलेलंही नसेल. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकानं थेट ग्राहकाला विकलं तर नियमांत त्याला प्रमाणपत्रातून सूट दिलेली आहे. फक्त ‘जैविक भारत’चं चिन्ह वापरता येत नाही. कागद असला म्हणून सगळं ठीक, असंही नाही. भारतातल्या सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता अमेरिकेच्या कृषी खात्यानं जानेवारी २०२१ मध्ये काढून घेतली होती. कागद हा पुरावा आहे, हमी नव्हे. पण जी कंपनी हजारो पाकिटं छापते, जाहिरातीवर लाखो खर्च करते आणि वर ‘आम्हाला कागदाची गरज काय’ म्हणते, तिला त्या आदिवासी बाईची सवलत देण्याचं कारण नाही.

गुळाचं प्रकरणही द्राक्षासारखंच. ‘केमिकल फ्री गूळ’ म्हणजे काहिलीत रस उकळताना रंग उजळ करायला हायड्रॉस वगैरे रसायन घातलेलं नाही. उत्तम. मात्र त्या उसाला किती खत, किती तणनाशक आणि किती पाणी दिलं, हा प्रश्न काहिलीच्या आधीचा आहे आणि तो पाकिटाबाहेर राहतो. काळपट गूळ दिसला की लोक सेंद्रिय समजून दीडपट पैसे मोजतात, हे पाहून मला तरी दर वेळी वाईट वाटतं.

‘नॅचरल’ या शब्दावर एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनी बरंच कुंपण घातलं आहे. एकच घटक असलेला, बाहेरचं काही न मिसळलेला पदार्थच स्वतःला नैसर्गिक म्हणवून घेऊ शकतो. मिश्र पदार्थाला फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून’ असं म्हणता येतं, तेही सगळे घटक त्या कसोटीला उतरले तर. जून २०२४ मध्ये पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ काढायला सांगितलं गेलं, आणि मे २०२५ मध्ये ‘१०० टक्के’ ही भाषाच खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर नको, असा सल्ला आला.

नागलीच्या बिस्किटांचं काय? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून अशा पाकिटांना पूर आला आहे. भरडधान्याला पाणी कमी लागतं, कोरडवाहू डोंगरउतारावर ते येतं, हे खरंच. पण पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, आणि ज्या घटकाचा समोर गाजावाजा केला आहे त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि मग कुठेतरी नागली असेल, तर तुम्ही पृथ्वीसाठी मैद्याचं बिस्कीट खाताय. पामतेलावरच्या ‘शाश्वत’ शिक्क्यातही पायऱ्या आहेत. हा शिक्का देणाऱ्या आरएसपीओ या संस्थेच्या ‘मास बॅलन्स’ प्रकारात प्रमाणित आणि अप्रमाणित तेल प्रत्यक्षात एकत्र मिसळलेलं असतं. हिशेब वहीत जुळवलेला असतो. तुमच्या बिस्किटातलं तेल कुठल्या मळ्यातलं, हे कोणी सांगू शकत नाही.

कप, पिशवी आणि घंटागाडी

वेष्टनाचे दावे तपासायची एक सोपी जागा आहे: आपल्या गल्लीतली घंटागाडी. वस्तू तिच्यात पडल्यावर पुढे काय होतं, यावर दावा खरा की पोकळ ते ठरतं.

टपरीवरचा कागदी कप घ्या. त्यावर झाडाचं चित्र असतं. पण कोरा कागद चहा धरून ठेवू शकत नाही, म्हणून आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिला तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरतात. कागद आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटलेले असल्यानं रद्दीवालाही तो कप घेत नाही. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानं प्लॅस्टिकचा थर असलेल्या एकदाच वापरायच्या ताटल्या आणि कपांवर बंदी घातली. ती किती पाळली जाते ते सीबीएस बसस्थानकाच्या आसपास एक चक्कर मारली तरी कळेल.

‘कंपोस्टेबल’ चमचा किंवा पिशवी हा त्याहून फसवा प्रकार. मका किंवा उसापासून केलेलं पीएलए नावाचं प्लॅस्टिक खरंच कुजतं, पण औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातल्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, ओलाव्यात, ठरलेल्या दिवसांत. भारतात त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि विकणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत ती उष्णता तयार होत नाही. नाल्यात तर नाहीच. सुक्या कचऱ्यात गेला तर तो चमचा भंगारवाल्याच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून तेही बिघडवतो. दावा प्रयोगशाळेत खरा, गोदाकाठी निरर्थक. २०२७ च्या सिंहस्थात लाखोंच्या पंगती उठतील तेव्हा ‘इको-फ्रेंडली’ ताटल्यांचे विक्रेते रांगा लावतील. त्यांना एकच विचारावं: हे कुजवणारा प्रकल्प कुठे आहे आणि तिथपर्यंत ताटली नेणार कोण? पळसाच्या पत्रावळीला हा प्रश्न विचारावा लागत नाही, गाय सोडवते.

‘रिसायकलेबल’ आणि ‘रिसायकल होतं’ यांतही असंच अंतर आहे. पाण्याच्या पेट बाटलीला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती वेचली जाते आणि पुन्हा वापरात येते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्याला कोणी उचलत नाही, कारण पैसे मिळत नाहीत. त्रिकोणातला आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, पुढचं भवितव्य नाही.

त्याच पाकिटावर हल्ली ‘प्लॅस्टिक न्यूट्रल’ लिहिलेलं दिसतं. अर्थ असा की कंपनीनं जेवढं प्लॅस्टिक बाजारात सोडलं, तेवढ्याच वजनाचं दुसरं प्लॅस्टिक गोळा करवलं. ते कदाचित दुसऱ्या राज्यातलं असेल, आणि बरंचसं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळलेलं असेल. तुमच्या हातातलं पाकीट मात्र गंगापूर रोडच्या गटारातच. स्वतःचा ओटा तसाच ठेवून शेजाऱ्याचं अंगण झाडल्याची पावती दाखवावी, तसा हा प्रकार. पावतीही खरीच असेल याची खात्री नाही: कंपन्यांना पुनर्चक्रीकरणाची जी प्रमाणपत्रं दाखवावी लागतात, त्यांतली लाखो बनावट असल्याचं २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीतच निघालं होतं.

‘कार्बन न्यूट्रल’चा पाया हाच आहे, फक्त वजनाच्या जागी वायू. दूध घ्या: गायीच्या पोटातून मिथेन हा हवामान तापवणारा वायू निघायचा तो निघतोच. कंपनी कुठेतरी झाडं लावणाऱ्या प्रकल्पाची क्रेडिट्स, म्हणजे तेवढा वायू शोषल्याच्या पावत्या, विकत घेते आणि बेरीज शून्य दाखवते. स्वीडनमध्ये आर्ला या दुग्धकंपनीची ‘निव्वळ शून्य हवामान-ठसा’ ही दुधाची जाहिरात २०२३ मध्ये न्यायालयानं दिशाभूल करणारी ठरवली. डेन्मार्कमध्ये २०२४ साली डॅनिश क्राउनच्या ‘हवामान-नियंत्रित’ डुकराच्या मांसाची तीच गत झाली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार, क्रेडिट्स विकत घेऊन एखाद्या वस्तूला ‘हवामान-तटस्थ’ म्हणायला २७ सप्टेंबर २०२६ पासून मनाई आहे. नाशिकच्या निर्यातदारांनी ही तारीख लिहून ठेवावी. युरोपातल्या फळीवर जाणाऱ्या २०२७ च्या हंगामातल्या पनेटवर काय छापायचं, ते तिच्याशी जोडलेलं आहे.

आता ‘लोकल’. जवळचं खा म्हणजे प्रदूषण कमी, हे ऐकायला पटतं. पण जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. त्या आकडेवारीवरून अन्नातून होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास निघतो. मोठा भाग शेतात आणि गोठ्यातच होतो. घोटीचा तांदूळ आपल्याला कितीही जवळचा असला तरी खाचरात साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, आणि तो ट्रकच्या धुरापेक्षा भारी पडतो. जहाजानं रॉटरडॅमला गेलेल्या द्राक्षाचा वाहतुकीचा भार विमानानं गेलेल्या मालाच्या तुलनेत किरकोळ असतो; एक टन माल एक किलोमीटर न्यायला विमानातून जहाजाच्या साधारण पन्नासपट उत्सर्जन होतं. स्थानिक माल घ्यायला दुसरी भक्कम कारणं आहेत, ताजेपणा आणि पैसा तालुक्यात राहणं ही त्यांतली दोन. कार्बनचं कारण मात्र त्यांच्या पंगतीत उगाच बसवलं जातं.

कायदा काय म्हणतो

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘क्लीन’, ‘सस्टेनेबल’, ‘पृथ्वीसाठी चांगलं’ असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांचा नेमका अर्थ आणि आधार द्यावा लागतो. ‘कंपोस्टेबल’, ‘प्लॅस्टिक-मुक्त’, ‘नेट-झिरो’ अशा ठोस दाव्यांना विश्वासार्ह प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थ पडताळणी लागते. दावा वस्तूचा आहे, वेष्टनाचा आहे की फक्त उत्पादन प्रक्रियेचा, हेही सांगावं लागतं. ‘२०४० पर्यंत अमुक करू’ म्हणायचं असेल तर त्याची प्रत्यक्ष योजना दाखवावी लागते. जाहिरात क्षेत्राच्या ‘एएससीआय’ या स्वनियमन संस्थेचे अशाच धर्तीचे नियम १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत.

पळवाट आहे का? आहे. नुसता हिरवा रंग, डोंगराचं चित्र किंवा ‘आमची वाढ शाश्वत तत्त्वांवर आधारलेली असेल’ असं कंपनीचं ध्येयवाक्य, जोवर ते फसवणुकीच्या पातळीला जात नाही आणि एखाद्या विशिष्ट वस्तूशी जोडलेलं नाही तोवर चालून जातं. ‘आमची सर्व उत्पादनं शाश्वत पद्धतीनं बनतात’ म्हटलं की मात्र तपासणी होऊ शकते. जाहिरात खात्यातल्या हुशार मंडळींना या दोन वाक्यांमधलं अंतर बरोबर कळतं.

दंड पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीवरही एक वर्षापर्यंत बंदी येऊ शकते, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. प्राधिकरणाकडे थेट लिहिता येतं, आणि ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम १७ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. सोबत पाकिटाचा पुढून आणि मागून फोटो, बॅच नंबर दिसेल असा, आणि बिल. ऑनलाइन जाहिरात असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट तक्रार करण्याआधी काढून ठेवा. तक्रार पोहोचली की वेबसाइटवरचं ‘वसुंधरेसाठी’ रातोरात ‘चवीसाठी’ होऊ शकतं.